नोंदी आधी बाहेर काढा, प्रोग्रामचा वाद नंतर

पत्र

नमस्कार. आमचं वाचनालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, 'ब' वर्गाचं. पुस्तकं सुमारे १८ हजार, सभासद ६०० च्या आसपास. २००१ साली गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ॲक्सेस ९७ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये, पुस्तकं, सभासद आणि देवघेव यांचा प्रोग्राम करून दिला. मराठी सगळं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये. विंडोज एक्सपी असलेल्या जुन्या संगणकावर तो अजून चालतो, पण संगणकच आता मध्येच बंद पडतो. देणगीत नवा संगणक आलाय, त्यात लिब्रेऑफिस हा फुकट ऑफिस-संच आहे. जुनी फाइल त्यावर उघडत नाही. एका सभासदाच्या लॅपटॉपवर अगदी नवं ॲक्सेस होतं, तिथेही उघडली नाही.

कार्यकारिणीत तीन मतं आहेत. कार्यवाह म्हणतात, नवं ॲक्सेस विकत घेऊ. एक तरुण सदस्य म्हणतो, लिब्रेऑफिसमधलं ॲक्सेससारखं बेस फुकट आहे, तेच वापरू. अध्यक्ष म्हणतात, टायपिंगवाल्याला देऊन सगळं पहिल्यापासून टाइप करून घेऊ आणि जुना संगणक भंगारात देऊ. रोजची देवघेव मला करावी लागते, म्हणून विचारते. पुस्तकांच्या टेबलात (तक्त्यात) 'शेरा-२' नावाचा रकाना आहे, त्यात १, २, ९ असे आकडे आहेत. त्यांचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा प्रोग्राम आपण बदलतोय हे त्यांना कसं सांगायचं, तेही सुचत नाही.

— एक ग्रंथपाल

उत्तर

ग्रंथपालताई, नमस्कार.

सगळ्यात आधी भंगाराचा निर्णय थांबवा. तुमच्या १८ हजार पुस्तकांच्या नोंदी आज ज्या एकमेव यंत्रावर नीट वाचता येतात, ते हे यंत्र आहे. उद्या सकाळी तो संगणक सुरू झाला की प्रोग्राम उघडायच्या आधी ॲक्सेसची ती नोंदींची फाइल (एमडीबी) दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. एक वाचनालयाच्या कपाटात ठेवा, दुसरा इमारतीबाहेर कुणाच्या तरी घरी. प्रोग्राम उघडताना नाव आणि पासवर्ड विचारत असेल तर एमडीडब्ल्यू नावाची आणखी एक छोटी फाइल असते, तीही घ्या. त्या काळी वापरणाऱ्यांची नावं, गट आणि पासवर्ड यांची यादी त्या फाइलीत असायची आणि तिच्याशिवाय मुख्य फाइल अडून बसते. श्रीलिपीच्या फॉन्टच्या फाइली जिथे असतील तिथून त्याही उचला. सगळं काम संपून वर्षभर गेल्यावर संगणक काढून टाकायचा असेल तर खुशाल काढा, पण हार्ड डिस्क आतून काढून ठेवून. तिच्यावर ६०० लोकांची नावं, पत्ते आणि फोन आहेत.

आता तुमच्या कार्यकारिणीतल्या वादाबद्दल. तिघांचीही मतं वाचनालयाच्या काळजीतून आलेली आहेत, पण 'कोणता प्रोग्राम' या प्रश्नावर तुम्ही फार लवकर पोचलात. प्रोग्राम येतात आणि जातात. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेस पहिल्यांदा बाजारात आणलं १९९२ साली. त्याच वर्षी त्यांनी फॉक्सप्रो बनवणारी कंपनीही विकत घेतली. आपल्याकडच्या कितीतरी पतसंस्था, दुकानं आणि वाचनालयं फॉक्सप्रोवर चालली. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि २०१५ च्या जानेवारीत कंपनीने तिला आधार देणंही थांबवलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, मुंबईचं १८९८ चं. वाचनालयाची दाखल नोंदवही, जिच्यात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, ती ज्या हिशेबाने टिकते, त्या हिशेबाने कुठलाच प्रोग्राम टिकत नाही. म्हणून तुमचं पहिलं काम आहे नोंदी अशा रूपात बाहेर काढणं की यापुढे त्या वाचायला अमुकच प्रोग्राम लागतो अशी वेळ पुन्हा येऊ नये. ते झालं की ॲक्सेस घ्या किंवा बेस घ्या, दोन्हींत त्या बसतील. ते झालं नाही तर दोन्हींत अडकाल.

तुमच्या नोंदींना दोन कुलपं आहेत. पहिलं फाइलीच्या जातीचं. ॲक्सेस २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या ९७ च्या फाइली उघडतच नाहीत. २०१० पर्यंतच्या उघडतात आणि नव्या जातीत बदलूनही देतात. सभासदाच्या लॅपटॉपवर जे झालं त्याचं कारण हे. फाइल बिघडलेली नाही, निर्धास्त राहा. पण कार्यवाहांनी आज दुकानातून नवं ॲक्सेस आणलं असतं तरी तिथेही हेच झालं असतं.

दुसरं कुलूप जास्त अवघड, ते श्रीलिपीचं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत, आपल्या वापरात येण्याआधी मराठी फॉन्ट एक युक्ती करत. संगणकाला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचेच क्रमांक ठाऊक असत. फॉन्ट बनवणारे त्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवत: काना, मात्रा, अर्धा 'त', रफार. तुमच्या फाइलीत 'कादंबरी' हा शब्द मुळी नाहीच. तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची एक ओळ आहे, जी श्रीलिपीचा तोच फॉन्ट लावला की 'कादंबरी' दिसते. पुस्तकांची यादी कधीच नीट वर्णानुक्रमाने निघत नाही हे तुम्ही इतकी वर्षं अनुभवलं असेल. संगणक त्या रोमन चिन्हांचा क्रम लावत होता, आपल्या बाराखडीचा नाही. फाइल नव्या ॲक्सेसमध्ये गेली तरी हे कुलूप तसंच राहतं. पाच वर्षांनी तो फॉन्ट एखाद्या नव्या विंडोजवर चालला नाही, तर तुमच्याकडे १८ हजार ओळी अगम्य चिन्हं उरतील. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे या सगळ्या खटाटोपातलं खरं काम आहे, आणि तुमच्या सभेत त्यावर कुणीच बोललेलं दिसत नाही.

पुन्हा टाइप करून घेण्याला माझा स्पष्ट नकार आहे. १८ हजार नोंदी, प्रत्येकीत दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, वर्ष. यात चुका होणारच, आणि झालेली चूक दिसणारही नाही, कारण चुकीचा दाखल क्रमांकसुद्धा आकड्यासारखाच दिसतो. टायपिंग ठेवा फक्त रूपांतरात बिघडलेल्या नोंदींसाठी.

बाहेर काढण्याचं काम जुन्याच संगणकावर, ॲक्सेस ९७ मधूनच करा. फाइल मेनूत 'सेव्ह ॲज / एक्स्पोर्ट' आहे, तिथून एकेक टेबल मजकुराच्या फाइलीत काढा. एक्सेलच्या वाटेने जाऊ नका. त्या काळच्या एक्सेलच्या पानावर जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावायच्या, आणि देवघेवीच्या २० हून जास्त वर्षांच्या नोंदी तेवढ्यात बसणार नाहीत. मजकुराची फाइल काढताना रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम ठेवू नका, टॅब ठेवा. आणि मजकुराभोवती अवतरणचिन्ह घालायचं का असं विचारलं जाईल तिथे 'काही नको' निवडा. कारण पुन्हा फॉन्टचंच आहे. या जुन्या फॉन्टांत विरामचिन्हांच्या जागीही अक्षरं बसवलेली असत. कृतिदेव फॉन्टमध्ये तर 'य' हा इंग्रजी अर्धविरामाच्या जागी आहे आणि 'ष'साठी दुहेरी अवतरणचिन्ह वापरलेलं आहे. श्रीलिपीची मांडणी वेगळी, पण धोका तोच. स्वल्पविरामाने रकाने तोडलेत तर एखाद्या पुस्तकाच्या नावातलं अक्षरच विभाजक ठरेल आणि पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतील.

त्याच खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' बटण आहे. त्यात तारखांसाठी चार अंकी वर्ष निवडा आणि क्रम वर्ष-महिना-दिवस असा ठेवा. दोन अंकी वर्ष बाहेर पडलं तर १९२५ साली छापलेलं जुनं पुस्तक २०२५ चं होऊ शकतं. ०३/०४ हा तीन एप्रिल की चार मार्च, हा वाद तर वेगळाच.

आता या फाइली नव्या संगणकावर न्या. डबल क्लिक करून उघडू नका. लिब्रेऑफिसमधलं एक्सेलसारखं कॅल्क उघडा आणि त्यातून फाइल उघडा, म्हणजे आधी एक खिडकी येऊन विचारेल की मजकूर कोणत्या संकेतात आहे. युनिकोडची सवय असलेला तुमचा तरुण सदस्य इथे हमखास 'यूटीएफ-८' निवडेल, म्हणजे युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची रीत. पण तुमचा मजकूर अजून युनिकोड झालेला नाही. त्याला यूटीएफ-८ म्हणून वाचलं तर अर्ध्याअधिक चिन्हांचा चुराडा होतो आणि तशी फाइल साठवली तर तो कायमचा. इथे 'पश्चिम युरोप, विंडोज-१२५२' निवडा. समोर अर्थहीन रोमन चिन्हं दिसतील. ती तशीच दिसायला हवीत. त्याच खिडकीत दाखल क्रमांक, फोन आणि आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) या रकान्यांचा प्रकार 'मजकूर' करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. आयएसबीएन २००७ पासून १३ अंकी झाला आहे, आणि आकडा समजून वाचला तर त्याचं काही प्रोग्राम '९.७८ई+१२' असं करून टाकतात. त्यातून मूळ क्रमांक परत मिळत नाही.

ओळी मोजा. जुन्या टेबलात जितक्या नोंदी तितक्याच ओळी यायला हव्यात. जास्त आल्या तर शेऱ्याच्या एखाद्या रकान्यात कुणीतरी एंटर दाबून दोन ओळींत लिहिलेलं आहे. ती नोंद शोधून हाताने जोडा.

मग युनिकोड. श्रीलिपीचेही फॉन्टसंच एकाहून अधिक आहेत, आणि एकाचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, दुसऱ्याला लावला तर मजकूर वरवर बरोबर दिसतो आणि जोडाक्षरांत फसतो. नेमका फॉन्ट शोधायचा तर जुन्या संगणकावर पुस्तकांचा फॉर्म (नोंद भरायचं पान) डिझाइनमध्ये उघडा, नावाच्या चौकटीवर क्लिक करा आणि तिच्या गुणधर्मांच्या यादीत 'फॉन्ट नेम' पाहा. ते नाव अंकासकट जसंच्या तसं लिहून घ्या. कन्व्हर्टर त्याच नावाचा, आणि स्वतःच्या संगणकावर चालणारा घ्या. सभासदांची नावं-पत्ते कुठल्याही अनोळखी वेबसाइटच्या चौकटीत चिकटवू नका.

रूपांतर एकेका रकान्याचं करायचं, आणि फक्त मराठी रकान्यांचं. दाखल क्रमांक, किंमत, इंग्रजी पुस्तकांची नावं यांच्यावर कन्व्हर्टर फिरवला तर त्यांचंही 'मराठी' होऊन बसेल. मूळ रकाना पुसू नका, त्याच्या शेजारी नवा करा.

आधी थोड्या शब्दांवर पारख करा. मी हे शब्द घेते: दुसऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, कीर्ती, पुनर्जन्म, हृदय, शृंगार, द्वंद्व, क्षितिज, ज्ञानकोश, ट्रॅक्टर, कॉलेज, विठ्ठल. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. ही उलटापालट कन्व्हर्टरला नीट जमते की नाही ते 'क्षितिज' आणि 'कीर्ती' लगेच सांगतात. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'पाशी अडखळतात. मराठी ग्रंथसूचीत हे अक्षर पानोपानी येतं, म्हणून तिथे सूट देऊ नका.

रूपांतर झाल्यावर एक काम उरतं. ते लोक टाळतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचा त्रास काढतात. युनिकोडमध्ये एकच अक्षर कधी कधी दोन तऱ्हांनी लिहिता येतं. 'ॲड.' मधला 'ॲ' २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी आणि नंतरही बरेच लोक 'अ'वर चंद्र देऊन तो लिहीत आले. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' सुद्धा नुक्त्याच्या 'ऱ'ने लिहिता येतो किंवा साध्या 'र'पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. वाचक पुस्तक मागेल, तुम्ही नाव टाइप कराल, संगणक 'नाही' म्हणेल आणि पुस्तक मागच्या कपाटात असेल. तेव्हा कॅल्कच्या शोधा-बदला मधून सगळीकडे एकच तऱ्हा करा. लेखकांच्या नावांचंही त्याच बैठकीत पाहा: कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं, कुठे टिंबांनंतर जागा सोडलेली, कुठे नाही. किंमत आणि वर्ष देवनागरी आकड्यांत असतील तर तेवढ्यापुरते इंग्रजी आकडे करा, कारण आकड्यांच्या रकान्यात देवनागरी अंक चालत नाहीत.

इथपर्यंत आलात की हा साफ मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि त्याचीही एक प्रत त्या दोन पेनड्राइव्हवर ठेवा. माझ्या मते ही फाइल वाचनालयाची मालमत्ता आहे, तिची नोंद सभेच्या इतिवृत्तात व्हावी. १० वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्या ग्रंथपालाला ती कुठल्याही संगणकावर उघडता येईल.

आता प्रोग्राम. कार्यवाहांच्या मताला आधार आहे: ॲक्सेसमधून ॲक्सेसमध्ये गेलं तर फॉर्म, क्वेरी (नोंदी शोधायच्या आज्ञा) आणि रिपोर्टही सोबत येतात, बेसमध्ये ते येत नाहीत. पण मध्ये २०१० किंवा त्याआधीची एक आवृत्ती गाठावी लागेल, सरांनी लिहिलेला कोड नव्या ६४ बिटच्या ॲक्सेसमध्ये काही ठिकाणी दुरुस्त करावा लागेल, आणि युनिकोड झाल्यावर फॉर्मवरचे फॉन्ट तसेही बदलावेच लागतील. तीन टेबलांच्या प्रोग्रामसाठी एवढ्या खर्चाची गरज मला दिसत नाही. मी तुमच्या जागी असते तर बेस घेतलं असतं.

बेसमध्ये मात्र काही गोष्टी ॲक्सेससारख्या नाहीत. कॅल्कमधला मजकूर कॉपी करून बेसच्या टेबलांच्या जागेत पेस्ट केला की नवं टेबल करून देणारी खिडकी येते. ती विचारते, प्राथमिक कळ, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना, तयार करू का? 'हो' म्हणालात तर ती एक, दोन, तीन असे स्वतःचे नवे क्रमांक देईल. तसं करू नका. तुमच्याकडे दाखल क्रमांक आहे, सभासद क्रमांक आहे. पुढच्या पानावर त्याच रकान्याच्या नावावर उजवं क्लिक करून त्याला प्राथमिक कळ ठरवा. देवघेवीच्या नोंदीत पुस्तक आणि वाचक यांची गाठ फक्त या क्रमांकांनी बांधलेली असते. सभासदांना नवे क्रमांक पडले तर एकाने नेलेलं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर दिसेल. दाखल क्रमांक तर छापील नोंदवहीत आणि पुस्तकाच्या शिक्क्यावर आहे, लेखापरीक्षणात तोच पाहिला जातो. मधले क्रमांक बाद पुस्तकांमुळे रिकामे असतील तर ते रिकामेच राहू द्या. आणि कळ अजिबात नसलेलं टेबल बेस फक्त वाचू देतं, त्यात नवी नोंद करू देत नाही. 'बेस बिघडलंय' अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी एवढंच असतं.

क्वेरी सरळ पुन्हा लिहा. ॲक्सेसमधली तारखेभोवतीची # ही चिन्हं आणि शोधातला तारा (*) बेसच्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, चालत नाही. ताऱ्याच्या जागी टक्केचिन्ह येतं. तारखा अवतरणचिन्हांत द्याव्या लागतात. 'होय/नाही'च्या रकान्यांत ॲक्सेस आतल्या आत 'होय'साठी उणे एक ठेवतं, तेव्हा असे रकाने उघडून नीट पाहा.

एक धोका गंभीर आहे. बेसच्या एकाच फाइलीत फॉर्मही असतात आणि नोंदीही, आणि नेहमीच्या मांडणीत नोंदी काम चालू असताना संगणकाच्या स्मृतीत राहतात, फाइलीत नीट उतरतात त्या साठवल्यावर आणि बंद केल्यावर. तुमच्याकडे वीज जाते. म्हणून यूपीएस हवा, दर काही देवघेवींनंतर साठवायची सवय हवी, आणि रोज संध्याकाळी तारखेच्या नावाने प्रत. पुढे देवघेवीच्या काउंटरवर एक आणि कार्यालयात एक असे दोन संगणक एकदम वापरायचे झाले तर नोंदी मारियाडीबीसारख्या सर्व्हरमध्ये ठेवून बेस फक्त दर्शनी भागासाठी ठेवता येतं. आज त्याची गरज नाही.

कोहाबद्दल कुणीतरी विचारेलच. न्यूझीलंडमधल्या वाचनालयांनी सुरू केलेला तो मोफत प्रोग्राम २००० पासून वापरात आहे आणि तो खास ग्रंथालयांसाठीच आहे. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालयही आहे. दोन्ही बेसपेक्षा कितीतरी जास्त देतात, पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणतं माणूस कायम हाताशी लागतं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून पाहा, जवळच्या कुठल्या वाचनालयाने ते वापरलं आहे का. मजकूर युनिकोड आणि साफ असला तर दोन वर्षांनी तिकडे जाणंही अवघड नाही.

आता सरांबद्दल. त्यांना कसं सांगायचं असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, त्यांना नुसतं सांगायला जाऊ नका, विचारायला जा, आणि ठराव होण्याच्या आधी. या कामात सर्वात मोलाची माहिती कुठल्याच फाइलीत नाही, ती त्यांच्याकडे आहे. 'शेरा-२' मधला ९ म्हणजे गहाळ, की बांधणीला दिलेलं, की देणगीत आलेलं, हे टेबल सांगणार नाही. अंदाजाने अर्थ लावू नका आणि रकाना पुसून टाकू तर मुळीच नका. १८ हजारांतली काहीशे पुस्तकं त्या एका आकड्यावर बाद ठरत असतील. दंडाचा हिशेबही त्यांनी कोडमध्ये लिहिला असेल: किती दिवसांनी सुरू, सुट्टीचे दिवस धरायचे का, आजीव सभासदांना माफ आहे का. हे नियम तुमच्यासाठी संगणक पाळत आला, म्हणून कुणी कागदावर लिहिले नसतील.

सरांना वाचनालयात बोलवा, जमत नसेल तर टेबलांची छापील यादी घेऊन त्यांच्या घरी जा. प्रत्येक रकान्याचं नाव, त्यात काय येऊ शकतं आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या, वाचून दाखवा. २००१ साली स्वतःच्या वेळात त्यांनी जे उभं केलं ते दोन दशकांहून जास्त चाललं, आणि त्यातली एकही नोंद तुम्हाला टाकून द्यायची नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. ते खरं आहे. नव्या फाइलीतल्या पहिल्या टेबलात रकान्यांच्या अर्थांची ही यादी ठेवा आणि मूळ रचना कुणाची ते नावानिशी तिथे लिहा. वयाचा विचार करता हे काम याच आठवड्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं. पेनड्राइव्हवरच्या प्रती सोडल्या तर बाकी सगळं महिनाभर थांबू शकेल.

शेवटी पडताळणी. नोंदींची संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानू नका. सभासदांच्या अनामत रकमेची नव्या टेबलातली बेरीज करा आणि गेल्या ताळेबंदातल्या आकड्याशी ताडून पाहा. एका रुपयाचा फरक आला तरी कारण शोधा. पहिला आणि शेवटचा दाखल क्रमांक पाहा. मग कपाटांतून हाताला येतील ती पन्नासेक पुस्तकं काढा, मराठी, इंग्रजी, जुनी, नवी, आणि प्रत्येकाची नोंद नव्या संगणकावर नावाने शोधा, क्रमांकाने नव्हे.

बदलाचा दिवस १ एप्रिल ठेवा, म्हणजे वर्षाचे आकडे आणि वर्गणी एकाच प्रोग्राममध्ये राहतील आणि वार्षिक अहवालाला दोन ठिकाणी हात घालावा लागणार नाही. त्याआधीचा एक महिना देवघेव जुन्यावर करा आणि संध्याकाळी तीच नव्यावर चढवा. कष्टाचं आहे, पण फॉर्ममध्ये कुठे काय कमी पडतंय ते यातच कळतं. याच महिन्यात युनिकोड कळफलकाचा हातही बसेल. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट असतोच, आणि जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीने युनिकोड टाइप करण्याची मोफत साधनंही मिळतात, तेव्हा बोटांची सवय मोडायलाच हवी असं नाही.

फॉर्ममध्ये पाहून फॉन्टचं नेमकं नाव मला कळवा. त्यासोबत वरच्या तेरा शब्दांचं तुमच्या फाइलीतलं मूळ रूप पाठवा, सभासदांची कुठलीही माहिती न जोडता. कोणता कन्व्हर्टर त्याला लागू पडतो ते पाहून लिहिते.